कळपाच्या कडेला

शिवहारच्या हातातून मेंढी सुटली तशी जळबाने कातर मांडीवर ठेवली आणि दोन्ही हात आभाळाकडे केले.

"आरं देवा! टीव्हीवर रेड्यासारखे गडी धरून राहिला ह्यो, अन् हितं बिनदाताची म्हातारी मेंढी सुटली? भाच्या, तुझ्या टीमला फोन लावू का?"

"लावा की मामा. नंबर देऊ?" शिवहार हसत म्हणाला.

"नको बाबा. मलाच बोलवून घेतील तुझ्या जागी. हितली लोकर कोन कातरंल मंग?"

कातरणीला बसलेली सगळी मंडळी हसली. सुटलेली मेंढी कळपाभोवतीच्या वाघरीला, सुतळीच्या जाळीला, जाऊन धडकली, गर्रकन वळली आणि कळपात घुसली. शिवहार तिच्या मागे दोन ढांगा टाकून वाकला. या खेपेला तिचा मागचा पाय त्याच्या मुठीत बरोबर सापडला. त्याने तिला अलगद कुशीवर पाडलं आणि ओढत जळबापुढे आणून ठेवलं.

शिवहारचा बाप नामाजी एवढा वेळ दगडावर कातरीला धार लावत होता. तो हसला नाही. त्याचे डोळे पोराच्या हातावर होते. मेंढी दोन्ही वेळा डाव्या हाताने धरली गेली होती, आणि शिवहार तर उजव्या हाताचा होता.

दिवाळी सरून थोडे दिवस झाले होते. शिरड शहापूरच्या शिवारात माणिकरावांच्या सोयाबीन निघालेल्या रानात नामाजीची मेंढरं बसली होती. मेंढरं रानात बसली की जमिनीला खत मिळतं, आणि मेंढरांच्या धन्याला ज्वारी, पाणी आणि काही दिवस उतरायला जागा मिळते. बांधाच्या पलीकडे हळद कमरेएवढी उभी होती. काल सगळा कळप कालव्यात घालून धुतला होता आणि आज कातरणी होती. कातरणीला मजूर लावायची रीत या लोकांत नाही. सोयरेधायरे आपापली कातर घेऊन येतात, आज याच्याकडे, परवा त्याच्याकडे. यजमानाने फक्त पोटभर जेवू घालायचं आणि मेंढरं धरून द्यायची. धरून द्यायचं काम घरच्या पोराचं. शिवहार घरी नसायचा तेव्हा ते काम नामाजीच करायचा. आज पोरगा घरी होता. साखळी सामने संपले होते, बाद फेरी सुरू व्हायला थोडा अवकाश होता, आणि कोच साहेबांनी सगळ्यांना सांगितलं होतं, घरी जा, आईच्या हातचं खा, डोकं शांत करून या.

शिवहारचं हे पाय धरणं कुठल्या मैदानावर शिकलेलं नव्हतं. चालायला लागला तेव्हापासून तो कळपात होता. मेंढीचा मागचा पाय कसा धरायचा हे त्याला नामाजीने शिकवलं. वरून झडप घालायची नाही, वरचा हात मेंढीला दिसतो. हात खालून न्यायचा, जमिनीला लागून, आणि खुराच्या वरच्या सांध्यात मनगट फिरवायचं. त्याच्याही आधी नामाजीने एक गोष्ट शिकवली होती ती सोडायची. मेंढीचा पाय म्हणजे काडी. भ्यालेलं जनावर उलटीकडे उसळलं आणि तुम्ही धरूनच राहिलात तर ती काडी मोडते. म्हणून पाय वाकडा जातोय असं वाटलं की त्याच क्षणी मूठ उघडायची. "सुटलेली मेंढी फिरून धरता येती," एवढंच तो म्हणायचा. त्याला फार बोलता येत नसे.

पुढे शाळेत कबड्डी आली. शिवहार डाव्या कोपऱ्यात उभा राहायचा. चढाई करणारा गडी मधल्या पोरांना हुलकावणी देण्यात गुंतला की हा मागून, जमिनीला लागून यायचा, आणि गड्याला कळायच्या आत त्याचा घोटा याच्या हातात असायचा. वसमतच्या स्पर्धेत लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं. मग जिल्हा, मग राज्य, आणि एक दिवस टीव्हीवर खेळणाऱ्या टीमचा माणूस त्याला विचारत गावात आला. त्या दिवशी नामाजी कळपामागे होता. कळलं तेव्हा त्याने घोंगडी झटकली, पुन्हा खांद्यावर घेतली आणि विचारलं, "म्हंजे तिकडं जेवनाखान्याचं बराबर ऱ्हाईल ना?"

पहिलं वर्ष शिवहारने बाकावर बसून काढलं. खोट एकच होती. पाय तो सगळ्यांपेक्षा झपाट्याने धरायचा, पण समोरच्याचा पाय वाकडा गेला की त्याची मूठ आपोआप उघडायची. कोच हरियाणाचे. त्यांनी ट्रॅक्टरच्या टायरला दोर बांधला, टायर चार पोरांना ओढायला लावला, आणि दोराचं टोक शिवहारच्या हातात दिलं. "छोड़ना नहीं," एवढे दोनच शब्द ते दिवसभर म्हणत राहायचे. फोनवर पोराने हे सांगितलं तेव्हा नामाजीला कसंसंच वाटलं होतं. आपण दिलेलं काहीतरी कुणी परत घेतलं असं. पण दुसऱ्या वर्षी पोरगा सातात उभा राहिला, आणि मग त्या कसंसं वाटण्याचं त्याने कुणाला सांगितलं नाही.

साखळीचा शेवटचा सामना जिंकला तरच बाद फेरी, असं होतं. शेवटच्या चढाईला समोरचा धिप्पाड गडी शिवहारला फरफटत मध्यरेषेपर्यंत घेऊन गेला. शिवहारचा उजवा हात डोक्यावरून मागे ताणला गेला होता, अंग मॅटवर घासत होतं, तरी मूठ उघडली नाही. शिट्टी वाजली. माणिकराव फोन हातात घेऊन रानात धावत आले होते आणि तेवढाच तुकडा त्यांनी नामाजीला पुन्हा पुन्हा दाखवला होता. सगळे पाहत होते ती न उघडलेली मूठ. नामाजी प्रत्येक वेळी खांदा पाहत होता. मेंढीचा पाय तसा ताणलेला त्याने आयुष्यात कितीदा तरी पाहिला होता.

"नामाजी! ओ नामाजी!"

मोटारसायकल बांधावर लावून माणिकराव येत होते. बगलेत बॅनरची गुंडाळी होती. त्यांनी ती दोन पोरांना दोन टोकांना धरायला लावून उलगडली. मध्ये शिवहार, मांडीवर थाप मारताना. वर लाल अक्षरांत 'डाव्या कोपऱ्याचा ढाण्या वाघ'. खाली शुभेच्छुक म्हणून माणिकरावांचा फेटा बांधलेला फोटो.

"कसं काय?" माणिकराव म्हणाले. "आज कमानीवर चढवतो. अन् सामन्याच्या दिशी माझ्या अंगनात पडदा लावनार हाय. मोठा. आख्खं गाव बोलिवलंय."

जळबाने मान तिरकी करून बॅनर नीट पाहिला. "झ्याक हाय मालक. फकस्त डाव्या कोपऱ्यात तर तुमीच बसलाव."

खरंच, माणिकरावांचा फोटो नेमका डाव्या कोपऱ्यात होता. हशा पिकला. सगळ्यांत मोठ्याने माणिकरावच हसले. मनाने मोकळा माणूस. हसता हसता त्यांनी शिवहारच्या उजव्या खांद्यावर थाप मारली.

"दाखवून दे लेका! हिंगोलीचं पानी दाखवून दे!"

शिवहारचं हसू जागच्या जागी राहिलं, पण चेहऱ्यावरचा रंग उतरला. क्षणभरच. "व्हय काका," तो म्हणाला, आणि लगेच कातरणाऱ्यांच्या घोळक्यात शिरला. "मामा, सरका जरा. बसू द्या."

नामाजीने धार लावायची थांबवली.

दुखणारं मेंढरू ओळखायचं कसं, हे त्याला त्याच्या बापाने दाखवलं होतं. मेंढरू दुखणं लपवतं. लांडगा आधी लंगडंच उचलतो हे त्याला जन्मतः ठाऊक असतं, म्हणून ते लंगडणं गिळून चालतं. पण एक गोष्ट त्याला लपवता येत नाही. ते कळपाच्या मधोमध राहतं. चारही बाजूंनी दुसऱ्यांची अंगं हवीत त्याला. धडधाकट मेंढी चांगल्या चाऱ्याच्या नादाने कडेला जाते, दुखरी मधून हलत नाही.

आणि पोरगा आल्यापासून घोळक्यात होता. पहिल्या दिवशी मित्रांत, काल कालव्यावर पोहणाऱ्या पोरांत, पण पाण्यात न उतरता. रात्री मामाशेजारी. बापाजवळ एकटा म्हणून तो बसलाच नव्हता.

दुपारी शिवहारच्या आईने, पंचफुलाबाईने, भाकरी आणि मटणाचा रस्सा वाढला. मंडळी जेवून बाभळीच्या सावलीला आडवी झाली. काळ्या-भुऱ्या लोकरीचे ढीग गोणपाटावर पडले होते आणि कातरलेली मेंढरं एकमेकांना ओळखू येत नसल्यासारखी बावरून उभी होती. फक्त एडका राहिला होता. त्याला शेवटी घेतात, कारण त्याला धरायला ताकद लागते.

"शिवा," नामाजी म्हणाला. "एडका ऱ्हायला. चल."

"मामाला उठू द्या की आबा."

"झोपू दे त्याला. आपन दोघं हावत ना."

वाघरीच्या आत दोघेच होते. एडका शिंगं रोखून कोपऱ्यात उभा होता. नामाजी पुढून गेला. एडका बापाकडे वळला तसा शिवहार मागून वाकला.

"उजव्या हातानं," नामाजी म्हणाला.

शिवहारने वर पाहिलं. बापाचा चेहरा नेहमीचाच होता. त्याने काही न बोलता उजवा हात खालून घातला. मनगट फिरलं, पाय मुठीत आला. धरणं जसं व्हायला हवं तसंच झालं, आणि नामाजीच्या मनात एक वेडी आशा उभी राहिली, की आपलं चुकलं, पोराला काही झालेलं नाही.

मग एडका उसळला.

हात डोक्याच्या वर ओढला गेला आणि शिवहार गुडघ्यांवर आला. तोंडातून आवाज आला नाही. ओठ पांढरे पडले. एडका ओढत होता आणि तो मातीत घासत होता.

"सोड," नामाजी म्हणाला.

"न्हाई."

"शिवा, सोड म्हन्लं ना!"

"न्हाई सुटत आबा!"

नामाजीने पुढे होऊन स्वतःच्या हाताने पोराची बोटं उघडली. एडका उड्या मारत दूर गेला. शिवहार तसाच मातीत बसून राहिला, उजवा हात मांडीत आवळून.

 मग शिवहार म्हणाला, "खांद्याच्या वर जात न्हाई. त्या सामन्यापासून."

"डाक्टरनं पाह्यलं?"

"सांगितलंच न्हाई. थोडं मुरगळलं म्हनलो. गोळी खाल्ली की चालतंय आबा. दोन-तीन सामने तर हायत. नंतर सांगीन की."

"अन् तेवढ्यात फाटलं मंग?"

"सांगितलं तर बसवतील!" शिवहारचा आवाज चिरला. "गोपीचंद नावाचं नवं पोरगं हाय. डाव्या कोपऱ्यातच खेळतंय. एकदा तो उभा ऱ्हायला की मला कोन इचारतंय? बाद फेरीत खेळलेला गडी कुनी काढत न्हाई आबा. तुमाला न्हाई कळायचं त्यातलं."

नामाजीला त्यातलं कळत नव्हतं हे खरं होतं. गुण कसे मोजतात हेही त्याला नीट ठाऊक नव्हतं. पण कमानीवर चढणारा बॅनर त्याला कळत होता. उभा जन्म त्याने लोकांच्या रानात काढला होता. उठा म्हटलं की उठायचं, बसा म्हटलं की बसायचं. आता लोक रस्त्यात थांबवून त्याला विचारत, शिवाचा बाप ना तुमी? ऐकता ऐकता त्याच्या मनात येऊन गेलं, वीट तापवून शेक द्यावा, ओवा घालून तेल चोळावं, पट्टा आवळावा. एक-दोन सामने. कुणाला कळणार आहे?

त्याने हात पुढे करून पोराच्या खांद्यावर ठेवला. हलकेच, मेंढीच्या पायाची गाठ चाचपावी तसा. सांध्यापाशी गरम लागत होतं.

"मेंढरू धरायला शिकिवलं तवा," तो म्हणाला, "पैलं काय सांगितलं होतं म्या?"

"पाय वाकडा चालला की सोडायचं."

"हां."

"पर ते मेंढराचा पाय मोडू नये म्हनून, आबा."

"हां," नामाजी पुन्हा म्हणाला.  त्याने एडक्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या तळहाताकडे. "तुझं सायब म्हन्ले सोडू नको. खेळात त्येंचं बराबर असंल. मी काय सांगू? खेळायचं तर खेळ. मी मालकाला सांगनार न्हाई, तुझ्या मायलाबी सांगनार न्हाई. पर ह्या दोन दिसांत तू माझ्यापाशी बसला न्हाईस, शिवा. मधीच बसून ऱ्हायलास. सारखा."

शिवहारने मान वर केली. मधोमध चालणारी मेंढी त्यालाही ठाऊक होती. लहानपणी तीच ओळखून आणली की बाप गुळाचा खडा द्यायचा.

"मायला सांगू नका," तो हळूच म्हणाला.

"मायला सांगायचं ऱ्हायलंय व्हय?" वाघरीच्या पलीकडून आवाज आला. पंचफुलाबाई पाण्याची कळशी घेऊन उभी होती. "आला त्या दिशी सदरा डाव्या हातानं काढला ह्यानं. तवाच कळलं मला. म्हनलं, बापाला सांगितलं असंल, बाप मला सांगंल. बापाला वाटलं, मला ठावं न्हाई. चांगलं घर हाय."

"काहून बोलली न्हाईस मंग?" नामाजीने विचारलं.

"तुमी काहून बोलला न्हाई?"

 शिवहारला हसू आलं, आणि हसताना खांदा हलला म्हणून तो कळवळलाही. पंचफुलाबाईने कळशी खाली ठेवली, पदराने त्याच्या तोंडावरची माती पुसली आणि एवढंच म्हणाली, "पानी पी. मंग काय करायचं ते कर."

शिवहार पाणी प्यायला. मग उठून एकटाच बांधाकडे चालत गेला. हळदीच्या कडेला, जिथे फोनला बरी रेंज यायची, तिथे थांबला. नामाजी आणि पंचफुलाबाई वाघरीपाशीच उभे राहिले. त्यांना शब्द ऐकू येत नव्हते, फक्त पोराची पाठ दिसत होती. आधी ती ताठ होती, मग वाकली, मग बराच वेळ नुसती उभी राहिली. फोन डाव्या हातात होता.

"खरं सांगतोय का खोटं?" पंचफुलाबाईने कुजबुजत विचारलं.

"कडंला हाय," नामाजी म्हणाला.

शिवहार परत आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते, पण चालणं वेगळं होतं.

"काय म्हन्ले?"

"आधी शिव्या घातल्या. लई. मंग विचारलं, कोनी सांगायला लावलं? मी म्हनलो, कोनी न्हाई. मंग म्हन्ले आजच निघ, फोटो काढू खांद्याचा." तो थांबला. "गोपीचंदला तयार करायला लागंल म्हन्ले. तूच कर."

"तूच?"

"डावा कोपरा मलाच ठावं हाय ना त्येंच्यात." एवढं बोलून त्याने तोंड फिरवलं.

उरलेल्या वेळात जळबाने आणि नामाजीने मिळून एडका कातरला. शिवहारने त्याचं डोकं मांडीवर धरलं, डाव्या हाताने. जळबाला कुणी काही सांगितलं नाही, पण त्याने त्यानंतर थट्टा केली नाही. संध्याकाळच्या आत शिवहार वसमतच्या गाडीत बसला. कमानीवर बॅनर चढला होता. गाडी त्याच्या खालून गेली.

सामन्याच्या दिवशी दिवेलागणीला माणिकरावांच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. पडदा भिंतीएवढा होता. नामाजीला माणिकरावांनी पुढे खुर्चीवर बसवलं होतं. खुर्चीच्या टोकावर, काठी दोन गुडघ्यांत धरून तो बसला होता. पंचफुलाबाई बायकांत होती.

खेळाडू एकेक करून प्रकाशात धावत येऊ लागले. सात झाले. शिवहार आला नाही. डाव्या कोपऱ्यात एक सडपातळ, गोरा पोरगा जाऊन उभा राहिला.

"आपला कुठाय?"

"सातात न्हाई की रं."

"काढला वाटतं."

"पैशापायी डोक्यात हवा जाती पोरांच्या. केलं असंल काहीतरी."

माणिकरावांचा चेहरा उतरला. त्यांनी नामाजीकडे पाहिलं. जवळपास सगळ्यांनीच पाहिलं. नामाजीने लोकांसमोर कधी तोंड उघडलं नव्हतं. ग्रामसभेत तो दाराबाहेर चपलांपाशी बसायचा. आता मात्र तो काठीवर भार देऊन उठला. 

"मालक, जरा बोलू का?"

"बोला की."

"त्याला कुनी काढला न्हाई." आवाज बारीक निघाला, म्हणून त्याने पुन्हा सुरुवात केली. "कुनी काढला न्हाई त्याला. खांद्याला मार हाय. सायबाला ठावं नव्हतं, डाक्टरला ठावं नव्हतं. लपवून खेळला असता, तर तुमी आज टाळ्या वाजवल्या असत्या. त्यानं सोताहून फोन केला. माझ्या रानात उभं ऱ्हाऊन केला, मी पाह्यलं." मग त्याच्या काही लक्षात आलं. "म्हंजे, तुमच्या रानात."

अंगणात हसू फुटलं, पण ते वाईट हसू नव्हतं. मागून जळबा ओरडला, "म्हंजे बॅनर चुकलं न्हाई मालक! वाघ हाय, फकस्त आज बसलाय!"

माणिकरावांनी दोन्ही हातांनी नामाजीला खाली बसवलं. "आमच्याच रानात केला ना फोन?" ते म्हणाले. "मंग झालं तर."

सामना सुरू झाला. डाव्या कोपऱ्यातला गोपीचंद भ्याला होता. पहिल्या अर्ध्यात त्याच्या हातून दोन गडी सुटले. तो वरून झडप घालत होता, आणि वरचा हात समोरच्याला दिसत होता. नामाजीच्या तोंडातून नकळत "खालून, खालून" निघत राहिलं. शेजारच्याला वाटलं म्हातारा जप करतोय.

मध्यंतरानंतर टीमने थोडा वेळ मागून घेतला. पडद्यावर बाकाजवळचा भाग आला आणि अंगण एकदम शांत झालं. उजवा हात गळ्यात बांधलेला शिवहार गोपीचंदपुढे जमिनीवर बसला होता. काय बोलत होता ते ऐकू येत नव्हतं. त्याने गोपीचंदचा पाय पुढे घेतला. डावा हात जमिनीला लावून खालून नेला, घोट्याच्या वरच्या सांध्यापाशी आणला आणि मनगट फिरवलं. मग सोडलं. पुन्हा नेलं, पुन्हा फिरवलं.

नामाजीचा हात काठीवर होता. त्याच्या मुठीने त्याच वेळी तसंच वळण घेतलं. हे त्याला नंतर आठवलं.

शेवटच्या काही चढाया राहिल्या असताना तो प्रसंग आला. समोरचा गडी मधल्यांना हुलकावण्या देत आत घुसला, वळला, आणि मागून, जमिनीला लागून एक गोरा हात आला. खालून. घोटा धरला गेला, बाकीचे सहा जण त्या गड्यावर कोसळले, आणि शिट्टी वाजली. अंगणात पोरांनी उड्या मारल्या, कुणीतरी खुर्ची पाडली. थोड्या वेळाने सामनाही जिंकून झाला.

नामाजी बसूनच होता. त्याला दोन गोष्टी एकदमच कळल्या होत्या. एक ही, की तो कोपरा आता गोपीचंदकडून सहज परत मिळायचा नाही. पोरगा चांगला होता, आणि शिकवलेलं त्याच्या हाताला लागलं होतं. दुसरी गोष्ट त्याला शब्दांत सांगता आली नसती. त्याच्या बापाने कुठल्याशा माळावर त्याला दाखवलेलं मनगट त्याने नुकतंच एवढ्या मोठ्या उजेडात, एका परक्या पोराच्या हातात पाहिलं होतं. 

पडद्यावर सगळे खेळाडू मॅटच्या मधोमध एकमेकांच्या अंगावर पडले होते. नुसता घोळका. माणिकराव मान वाकडी करून पाहत होते. "आपला शिवा कुठाय? दिसंना त्या गर्दीत."

"गर्दीत न्हाई तो," बायकांमधून पंचफुलाबाई म्हणाली. "त्यो बघा. कडंला."

मॅटच्या कडेला, रेषेबाहेर, शिवहार एकटा उभा होता. टाळी वाजवायला दुसरा हात नव्हता म्हणून तो डाव्या तळव्याने मांडीवर थापा मारत होता, आणि हसत होता.

नामाजीने घोंगडी खांद्यावर घेतली. मेंढरं रानात एकटीच होती, त्याला जायला हवं होतं. तो उठला तसे लोक आपोआप बाजूला झाले आणि अंगणाच्या मधून त्याच्यासाठी सरळ वाट मोकळी झाली. त्याने तिच्याकडे पाहिलं, जरासा लाजला, आणि नेहमीसारखा भिंतीच्या कडेकडेने बाहेर पडला.